ओव्यापर्यंत हाक

चंद्रावतीला राग येतच नसे असं सांगणाऱ्यांनी तिला तांदूळ कांडताना पाहिलेलं नसणार. राग तिला चांगला सणसणीत यायचा, पण जिभेवर न येता तो हातात उतरायचा. तिच्या अंगणातून मुसळाचा आवाज जरा जास्तच दणकून यायला लागला की ओवे गावाची माणसं एकमेकांना विचारायची, "आज कोनी दुखवला गो चंद्राबायला?" संध्याकाळपर्यंत कांडलेल्या तांदळाची टोपली भरलेली असायची, आणि ज्यानं दुखावलं तो बहुतेक तिच्याच ओट्यावर बसून चहा पीत असायचा.

माझं तसं नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. पनवेलच्या शाळेत मी शिकवायला लागले त्याच वर्षी मुलांनी माझं नाव ‘फोडणीबाई’ ठेवलं, आणि ते कानावर आलं तेव्हा मी नावाला साजेशीच तडतडले. वडील म्हणायचे, सारा, तुझा दोष नाही, तेल आपल्या रक्तातच आहे. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली. घाणा आजोबांच्या वेळीच बंद पडला, शनिवारची सुट्टी तेवढी राहिली. माझा थोरला भाऊ सॉलोमन यानं बाजारात लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान काढलं होतं. शनिवारी त्याचा भोंगा मुका असे, आणि त्या दिवशी गावाच्या कानांना जरा विसावा मिळे.

चंद्रावती आमच्याकडे मीठ घेऊन यायची. ओव्याहून निघून, कधी पायी, कधी एस.टी.नं. काळीसावळी, उंच, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि आवाज असा की आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिनं "मीठ" म्हटलं की मागच्या दारी आई डबा शोधायला लागे. आत आली की आमच्या चौकटीवरच्या मेझुझाला हात लावून तो कपाळाला न्यायची. त्या एवढ्याशा नळीत प्रार्थनेचा कागद असतो हे मी तिला एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुमचा देव बरा, दारातच बसलाय. आमच्या देवीला भेटाय डोंगर चढावा लागतो."

पण मीठ हे तिचं पोटापुरतं काम. तिचं खरं काम धवलारणीचं. आमच्या पनवेलच्या शहाण्यांना धवलारीण म्हणजे लग्नात गाणी म्हणणारी बाई वाटते. तसं नाही. आगरी लग्नात ती लग्न लावणारी बाई. हळद केव्हा दळायची, पाणी केव्हा आणायचं, नवऱ्यानं पाटावर केव्हा बसायचं, सगळं तिच्या गाण्यातून, म्हणजे धवल्यातून, पुढं सरकायचं. ती गायला लागली की लग्न चाललं, ती थांबली की लग्न थांबलं. बरोबर सूर धरायला गोदू असायची, बुटकी, गोरी, आणि भांडायला कायम तयार. गोदूचं आणि माझं चांगलं जमायचं.

आता लग्न म्हटलं की रुसवे आले. याला पाट खालच्या अंगाला मिळाला, त्याला नारळ लहान आला, तिसऱ्याला बोलावलं पण हसून बोलावलं नाही. चंद्रावतीनं त्यावर आपली अशी एक तोड काढली होती. ती धवल्यात माणसांची नावं गुंफायची, आणि ज्याचं नाव गुंफलं त्यानं ते काम करायचं, असा तिच्या गावांत रिवाजच पडून गेला होता. नाव आलं आणि माणूस उठला नाही तर अपशकुन. नेऱ्याच्या एका लग्नात नवऱ्याचा मामा बुधाजी असाच फुगून आंब्याखाली जाऊन बसला. फेटा बांधायला त्याला कोणी बोलावलं नव्हतं. चार शहाणी माणसं समजवायला गेली आणि त्यानं चौघांचीही जुनी उणीदुणी काढली. वाद असा पेटला की जेवणावळीची पानं परत गुंडाळायला घेतली. चंद्रावती जागची हलली नाही. तिनं नुसता पुढचा धवला उचलला.

"पानी कोन आनतं गो, पानी कोन आनतं? बुधाजीमामा आनतो गो, मामा पानी आनतो."

बुधाजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं पुन्हा म्हटलं. मग सगळ्या बायकांनी म्हटलं. तिसऱ्या खेपेला बुधाजी उठला, हंडा उचलला, आणि तोंडानं शिव्या देत विहिरीकडे चालू लागला. भरला हंडा डोक्यावर घेऊन शिव्या देणं अवघड असतं. परत येईपर्यंत तो घामाघूम झाला होता, आणि लोक त्याला वाट करून देत होते, त्यामुळं मनातून खूशही झाला होता. नंतर पंक्तीत वाढायला तोच सगळ्यांच्या पुढं.

"राग आला ना मास्तरीन," चंद्रावती मला सांगायची, "त त्याला बसाय पाट नाय द्यायचा. कामाला लावायचा." मी मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा तडतडायची.

तर सत्तावन्न सालची गोष्ट. चंद्रावतीला स्वतःचं मूल नव्हतं. तिची धाकटी बहीण सत्यवती ओव्यातच तापानं गेली, तेव्हा मागं राहिलेली तिची पोर मालू हिनं उचलून आणली आणि वाढवली. मालूचं लग्न ठरलं ते पनवेलच्या भगवानशी. मुलगा सरळ, हसतमुख, कामसू. मालूनं त्याला बाजारात दोनतीनदा पाहिलं होतं आणि तिची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या बापाबद्दल, आणि ती सगळ्या ओव्याची होती.

बाप धर्मराज मूळचा नेऱ्याचा. शेत भावांवर सोडून तो पनवेलला आला आणि कौलांचं दुकान घालून चांगला वर आला. माणूस वाईट नव्हता. पण नवा मुसलमान सात वेळा नमाज पढतो तशातली गत. बोलताना जपून शहरी बोलायचा, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी घालायचा, आणि आपण आगरी आहोत हे व्यापाऱ्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून धडपडायचा. ते त्यांच्या आधीच लक्षात आलेलं होतं आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

सुपारी फोडायला तो ओव्याला आला आणि भर बैठकीत म्हणाला, "लग्न पनवेलला होईल, आमच्या दारात. भटजी सांगितलेत. भोंगा लावणार आहे, रेकॉर्डी वाजतील. बाजारातले लोक येणार, कचेरीतले येणार. त्यांच्यापुढं बायकांनी ते धवले गाणं बरं दिसत नाही. विहीणबाई, तू मावशी म्हणून ये, मानानं बस, जेव. गाऊ नकोस."

धवलारणीला तिच्याच पोरीच्या लग्नात गाऊ नकोस म्हणायचं, आणि तेही सुपारीच्या ताटासमोर. गोदूच्या हातात गुळपाण्याचा तांब्या होता, तो तिनं असा आदळला की धर्मराजच्या टोपीवर शिंतोडे उडाले. चंद्रावतीनं पदरानं तांब्या पुसला, पुन्हा भरून आणला, आणि सगळ्यांना पाणी दिलं. त्या संध्याकाळी ओव्यात मुसळ इतका वेळ वाजत होतं की, गोदू सांगायची, गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

ही हकिकत गोदूनंच येऊन आम्हाला ऐकवली, आणि ऐकताना मी पोळपाटावर लाटणं आपटलं. ते दिवस मोर्चांचे होते. मी म्हटलं, धर्मराजच्या दुकानावर बायकांचा मोर्चा न्या. गोदूचा बेत तयारच होता. ओव्यातलं एकही माणूस लग्नाला जाणार नाही. आजूबाजूच्या सगळ्या धवलारणी धर्मराजच्या घराण्यावर बहिष्कार घालतील. आणि गावातली चार पोरं ऐन वेळी जाऊन भोंग्याची वायर तोडतील. शेवटचा भाग ऐकून आतल्या खोलीतून सॉलोमन खाकरला, कारण वायर त्याची होती.

या सगळ्यात मालूचं काय होतंय हे कोणी विचारलं नव्हतं. चंद्रावतीनं विचारलं. मालू म्हणाली, "मावशी, मना भगवान पायजे. पन तू नाय गायलीस त आयला कोन बोलवील?"

ओव्याच्या धवल्यात ही एक जागा असते. अक्षता पडायच्या आधी घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं हाक मारून लग्नाला बोलवायचं. धवलारीण नाव घेते, आणि मागं बसलेली एखादी म्हातारी त्या माणसाच्या वतीनं "आयली" म्हणून ओ देते. ओ आली की माणूस आलं, लग्न पुढं चालू. हळदीला बोलावलं होतं म्हणून चालत नाही. जिवंत पाहुण्यांसारखंच असतं ते, हळदीचं बोलावणं वेगळं आणि अक्षतांचं वेगळं. मालूला आई आठवत नव्हती. लहानपणापासून ती एवढंच ऐकत आली होती की तुझ्या लग्नात तुझ्या आईला हाक मारीन आणि ती येईल. आता ती हाकच रद्द झाली होती.

दुसऱ्या दिवशी चंद्रावती मिठाची टोपली आमच्या ओट्यावर ठेवून थेट दुकानात गेली. मी मागोमाग. मला वाटलं, आता सॉलोमनची कानउघाडणी होणार. तिनं भोंग्यात डोकं घालून पाहिलं, बाहेरून चापटी मारून पाहिली, आणि विचारलं, "शेट, यो भोंगा किती लांब जातो? ओव्यापर्यंत जाईल?"

सॉलोमननं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. "ओव्यापर्यंत? नाही हो चंद्राबाई. वारा चांगला असला तर आसूडगावच्या शिवेपर्यंत. संध्याकाळी तर वारा खाडीकडून येतो, म्हणजे उलटाच."

"कशाला हवं ओव्याला?" मी विचारलं.

"सत्यवती तिथं हाय ना," ती म्हणाली. "लगीन आमच्या दारात असता त मी नुसता हलू बोलली असती तरी ती आयली असती. आता पनवेलला बोलवायची."

मी शाळामास्तरीण. मी म्हटलं, "गेलेल्या माणसाला अंतर कसलं? इथून बोलावलं काय नि तिथून काय."

तिनं माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "जित्तेपनी ती कदी एकली पनवेलला आयली नाय, मास्तरीन. तिला वाट नाय ठाऊक."

सॉलोमन हसला नाही, यासाठी मी त्याला आजही मानते. आम्ही मलिद्याच्या विधीत एलियाहू हनबी या आमच्या प्रेषितांना बोलावतो, पोहे-खोबऱ्याचं ताट मांडून वाट बघतो, ते कुठून आणि कुठल्या वाटेनं येतात हे आम्ही तरी कुठं विचारतो. तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ कान खाजवत राहिला. मग म्हणाला, "आसूडगावपर्यंत भोंगा नेईल. तिथून पुढं कोणीतरी न्यायला हवं."

"बायका हायत की," चंद्रावती म्हणाली. "सगल्या रागावून बसल्यात. हाताला काम नाय त्यांच्या."

तिच्या डोक्यात काय आहे ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. हरखून मी सॉलोमनचा चहा पिऊन टाकला.

पण आधी धर्मराज होता. चंद्रावती त्याच्या दुकानात गेली, सॉलोमन भोंगा कुठं लावायचा ते बघायच्या निमित्तानं आणि मी काहीच निमित्त नसताना. ती कौलांच्या चळतीवर बसली. धर्मराज आधीच कंबर कसून उभा होता, भांडण येणार म्हणून. भांडण आलंच नाही, त्यामुळं तो थोडा हिरमुसलासा वाटला.

"मी गानार नाय," ती म्हणाली. "तू बोललास, मी ऐकला. पन पोरीच्या आयला बोलवायला पायजे. एक हाक मारीन. हाक म्हंजे गाना नाय, बोलावना हाय. तुज्या भोंग्यातून मारीन."

"भोंग्यातून?"

"तुजा भोंगा लय लांब जातो म्हनं. ओव्याला ऐकू जाईल?"

सॉलोमनला एकदम खोकला आला. धर्मराजनं टोपी सारखी केली. पनवेलमध्ये दोन भोंगे एकदम लावणारं पहिलं लग्न त्याचं असणार होतं आणि त्याची त्याला कोण ऐट होती. "का नाही जाणार? दोन भोंगे आहेत. पण नुसती हाक हं. एकच."

"एकच. पन ओ येईपर्यंत थांबायचा. ओ आल्याबिगर अक्षता नाय."

ओव्याला ऐकू गेलं तर सगळा तालुका बोलेल, एवढंच त्या क्षणी धर्मराजच्या मनात असावं. तो कबूल झाला. थांबायचं म्हणजे काय, याचा त्यानं विचार केला नाही.

मग चंद्रावतीनं रागावलेल्या सगळ्यांना कामाला लावलं. मधल्या गावांच्या धवलारणी, ज्या बहिष्कार घालणार होत्या, त्या आसूडगाव, कळंबोली आणि पुढच्या बांधांवर उभ्या राहणार, ऐकू आलेली हाक पुढं देणार, आणि आलेली ओ मागं आणणार. दोन गावांमध्ये अंतर जास्त होतं तिथं मिठागराच्या बांधावर आणखी बायका. वायर तोडणारी पोरं मांडवात बांबू रोवायला आणि वायर बांधायला. गोदूचं काय करायचं हा प्रश्न होता. तिचा राग अजून धुमसत होता.

"तू लगनाला यायचा नाय," चंद्रावती तिला म्हणाली.

"मी येतच नव्हती."

"तू ओव्याला माज्या दारात उभी राहायची. सत्यवतीच्या वतीनं ओ तू द्यायची. तिला तुज्याइतकी जवलची कोन होती?"

गोदू रडली. मग नाक पुसून म्हणाली, "आनि वायर?"

"वायर तोडशील त हाक कुठून जाईल?"

हा युक्तिवाद गोदूला पटला. एरवी तिला कुठलाच पटत नसे.

लग्न रविवारी गोरज मुहूर्तावर होतं. धर्मराजच्या दारात मांडव, मांडवात कनाती, खुर्च्यांवर बाजारातले लोक आणि कचेरीतले दोघेतिघे. पाहुण्यांच्या बाजूला ओव्याची माणसं, कोरी लुगडी नेसून, जरा अवघडून बसलेली. सॉलोमननं मोटारीच्या बॅटरीवर सगळं जोडून ठेवलं होतं, आणि रेकॉर्डी अशा वाजत होत्या की समोरच्या शेटजीला शेजारचा शेटजी काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं. मी ओव्याच्या बायकांत बसले होते. माझं लक्ष वाऱ्याकडं होतं, तो खाडीकडून येत होता आणि कनाती फडफडत होत्या.

मालू आली. पिवळ्याधमक लुगड्यात, मान खाली. पाटाशी उभी राहिली, अंतरपाट धरला गेला. भटजींनी खिशातलं घड्याळ काढलं. सॉलोमननं रेकॉर्ड उचलली आणि एकदम इतकी शांतता झाली की लोक दचकून वर बघायला लागले.

चंद्रावती माइकपाशी गेली. भोंग्यांची तोंडं बाजाराकडं होती. तिनं धर्मराजकडं बघितलं. "एक भोंगा ओव्याकडं फिरव ना, व्याहीबुवा."

खरं तर ते सॉलोमनचं काम. पण सगळ्या मांडवादेखत तिनं याला सांगितलं, आणि बुधाजी जसा उठला होता तसा हा उठला. टेबलावर चढला, इस्त्रीची टोपी बांबूला अडकून तिरकी झाली, आणि त्यानं भोंग्याचं तोंड फिरवलं.

चंद्रावतीनं हाक मारली. गाणं नव्हतं ते. संध्याकाळी शेतातल्या माणसाला घरी बोलवतात तशी साधी, लांब हाक.

"सत्यवती गो... मालूच्या लगनाला ये गो..."

भोंग्यातून तो आवाज सुटला आणि पनवेलच्या कौलांवरून पलीकडं गेला, आणि मग काही नाही. कोणी हलेना. भटजी घड्याळ बघत होते. खुर्चीवरचा एक व्यापारी शेजाऱ्याला विचारायला लागला की आता कशासाठी थांबलंय, तेव्हा शेजारी म्हणाला, नवरीची आई यायचीय. व्यापाऱ्यानं बरं म्हटलं आणि तोही वाट बघायला लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की ती कुठून येणार आहे.

बाहेर, शेतांच्या पलीकडं, आसूडगावच्या बाजूला, बारीक आवाज उठला. पुढं जाणारा. आमच्यापासून लांब लांब जाणारा. मग तोही ऐकू येईनासा झाला.

आम्ही थांबलो. मुहूर्त सरत चालला. भटजींनी धर्मराजकडं पाहिलं. धर्मराज टेबलावरच होता, एका हातानं बांबू धरून. त्यानं भटजींना बोटानं थांबा म्हटलं. मला वाटतं आधी तो भोंग्याच्या अब्रूसाठी थांबला असेल. मी मालूकडं पाहत होते. तिनं मान वर केली होती आणि ती ओव्याच्या दिशेला बघत होती, कनातीतून काही दिसत नसतानाही. आता ओ नाही आली तर ही पोर जन्मभर काय धरून बसेल, या विचारानं मला रडू फुटायच्या बेतात होतं. गोदू तिथं उभी असेल ना, ऐकू गेलं असेल ना, का या वाऱ्यानं घात केला, असं माझं चाललं होतं.

आणि मग वाऱ्यावर आलं ते. उलटा वाटणारा वारा आता त्या बायकांच्या बाजूचा होता. आधी नुसती गुणगुण, मग बांधावरून बांधावर, जवळ जवळ, आणि शेवटी आसूडगावच्या बायका, बऱ्याच जणी एकदम.

"आयली गो, आयली..."

मालूनं डोळे मिटले. ओव्याच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले, मीही लावला. खुर्चीवरचा व्यापारी उठून उभा राहिला, पाहुणी आली म्हणून. चंद्रावतीनं माइकला नमस्कार केला आणि मागं सरकली. दिलेला शब्द तिनं पाळला होता. एकच हाक, एक अक्षर गायली नव्हती.

भटजींनी घसा साफ केला. तेवढ्यात टेबलावरून धर्मराज बोलला. हळू बोलला, पण माइक चालूच होता, त्यामुळं सगळ्या बाजारानं ऐकलं. त्याची ती जपून वापरायची शहरी बोली कुठं गेली होती कोण जाणे.

"इनबाय, माजी आय नेऱ्याला हाय."

चंद्रावतीनं मागं वळून पाहिलं. "नाव?"

"कमला."

"फिरव भोंगा."

त्यानं भोंगा फिरवला. ओव्याकडचा सोडून दुसरा, डोंगराकडं. चंद्रावतीनं हाक मारली, तितकीच लांब, तितकीच साधी. "कमलाबाय गो... नातवाच्या लगनाला ये गो..."

आम्ही पुन्हा थांबलो, आणि थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की नेऱ्याच्या वाटेवर कोणीच उभं नव्हतं. तिकडं कोणाला उभं करायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण धर्मराजच्या गेलेल्या आईचा विषय कोणी काढलाच नव्हता, त्यानं स्वतःसुद्धा नाही. तिकडून ओ येणार नव्हती. हे हळूहळू सगळ्या मांडवाला कळलं. लोक आपापल्या पायांकडं बघायला लागले. धर्मराज मात्र कान देऊन उभा होता, डोंगराकडं तोंड करून. तिरकी टोपी सरळ करायचंही त्याला सुचत नव्हतं. चंद्रावतीचा चेहरा मी पहिल्यांदाच गोंधळलेला पाहिला. ज्यानं गाऊ नकोस म्हटलं त्याच्यावर उलटवायला याहून चांगली संधी कुठली असती, पण तिच्या ते मनातही नव्हतं. ती त्याच्यासाठी ओ शोधत होती. हाक मारणाऱ्या धवलारणीनं स्वतः ओ द्यायची नसते, म्हणून ती बायकांकडं बघत होती. पण कमलाबाई ओव्याच्या बायकांना ठाऊक नव्हती, नेऱ्याहून धर्मराजनं कोणाला बोलावलं नव्हतं, आणि तिच्या वतीनं बोलायचं धाडस एकीलाही होईना.

अंतरपाटाच्या मागून आवाज आला.

"आयली."

अंतरपाटामागं नवरीनं बोलायचं नसतं. तिनं मान वरही करायची नसते. मालू ताठ उभी होती आणि धर्मराजकडं बघत होती. ऐकू गेलं नसेल म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, या खेपेला मावशीच्या आवाजात. "आयली, बाबा."

धर्मराजनं दोन्ही हातांनी बांबू धरला. चंद्रावतीनं भटजींना मान हलवून खूण केली. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडायला लागल्या, आणि तो अजून टेबलावरच होता. शेवटी भगवाननंच बापाच्या हातावर थोड्या अक्षता ठेवल्या. त्यातल्या निम्म्या त्यानं मुलासुनेवर टाकल्या आणि निम्म्या नेऱ्याच्या दिशेला.